ऑफिसातली ‘वजन घटवा’ स्पर्धा बंद करायची आहे. मॅनेजमेंटला काय सांगू?

एचआर_हिंजवडी:
आमच्याकडे दर जानेवारीला ‘वजन घटवा’ स्पर्धा होते. कॅन्टीनबाहेर काटा, नावासकट तक्ता, १२ आठवड्यांनी पुन्हा वजन आणि जिंकणाऱ्याला व्हाउचर. मॅनेजमेंट म्हणतं, ‘तब्येतीसाठीच तर आहे.’ खुर्च्यांच्या तक्रारीही आहेत, आणि मुलाखतीच्या फॉर्मात ‘व्यक्तिमत्त्व’ असा १० गुणांचा रकाना आहे. कायद्यात काही आधार मिळतो का? कृपया ठोस सांगा.

कामगार_आरोग्य:
बंदच करा. शेवटच्या आठवड्यात लोक पाणी तोडतात, जेवण टाळतात. काट्यावर दिसणारी घट बरीचशी पाण्याची असते आणि ती लगेच भरून येते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्याने असा उपास केला तर साखर एकदम खाली येते, माणूस कामाच्या जागीच घामाघूम होऊन कोसळू शकतो. स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या वजन वाढवतात. असा माणूस तक्त्यात तळाला राहतो आणि कारण विचारलं की त्याला आजार सांगावा लागतो. टोमण्यांनी वजन उतरत नाही. ताणाचं खाणं वाढतं, जिमला जायची लाज वाटते, डॉक्टरकडे जाणं लांबतं.

भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. म्हणजे १७० सेंमी उंचीचा, ७३ किलोचा माणूसही ‘लठ्ठ’! ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये हेच मांडलं की एकट्या बीएमआयवरून व्यक्तीचं निदान करू नये. अवयवांवर, रोजच्या हालचालीवर परिणाम झालाय का ते बघावं.

वार्षिक तपासणी जरूर ठेवा. पण रिपोर्ट थेट कर्मचाऱ्याच्या हातात, कंपनीला फक्त एकत्रित आकडे. आणि मीटिंगमध्ये डुलक्या घेणाऱ्या जाड माणसाला आळशी ठरवण्याआधी झोपेत श्वास अडकण्याचा आजार तपासायला सांगा. घोरणं, सकाळी डोकं जड, रक्तदाब, जाड मान या त्याच्या खुणा. ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची चाचणी दोन मिनिटांत होते. संशय आला तर स्लीप स्टडी, आणि गरज असेल तर सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं). उपचाराने ती डुलकी जाते. अप्रेझलमधला ‘उत्साह कमी’ हा शेरा मात्र तसाच राहतो, म्हणून तो आधी थांबवा.

फॅसिलिटी_काका:
खुर्च्यांचं मी सांगतो. व्हेंडरकडे नुसतं ‘हेवी ड्यूटी’ मागू नका, चाचणीचं प्रमाणपत्र मागा. बिफ्मा या अमेरिकेतल्या फर्निचर उत्पादकांच्या संघटनेचं एक्स५.१ (२०१७) हे मानक १२५ किलोपर्यंतच्या माणसासाठी आहे, एक्स५.११ हे १८१ किलोपर्यंत. साध्या खुर्चीत आधी गॅस सिलिंडर खचतो, बसल्यावर सीट हळूहळू खाली जाते. मग नायलॉनच्या पंचपायी बेसला मधल्या खोबणीपाशी चीर पडते. ती चीर खुर्ची उलटी केल्याशिवाय दिसत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी खुर्च्या उलट्या करून बघाच. हात पक्के जोडलेले असतील तर मांड्यांना काचतात, तेव्हा काढता येणारे हात घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्या खुर्च्या त्याच रंगाच्या, त्याच कापडाच्या घ्या आणि प्रत्येक मजल्यावर, मीटिंग रूममध्येही मिसळून ठेवा. ‘ही त्यांची खुर्ची’ असं झालं की तिथे कोणी बसत नाही. कॅन्टीनमध्ये टेबलाला जोडलेली स्टुलं असतील तर काही सुट्या, बिनहाताच्या खुर्च्या टाका. टी-शर्टचं माप फॉर्मवर आधीच घ्या, ५एक्सएलपर्यंत पर्याय द्या आणि नावाची पाकिटं करून वाटा. सगळ्यांसमोर ‘तुमच्या मापाचा नाही’ ऐकावं लागणं फार वाईट.

तुमची साइट असेल तर एक खरी मर्यादा ध्यानात ठेवा. उंचीवरच्या कामाचे बरेच हार्नेस (अंगावर बांधायचे सुरक्षा पट्टे) १०० किलोचे असतात आणि त्यात हत्यारांचं वजनही मोजतात. अशा वेळी माणूस बदलायच्या आधी १४० किलोचा हार्नेस आणि त्याला जुळणारं लॅनयार्ड (हार्नेस अडकवायचा दोर) मागवा.

वकील_कोथरूड:
खरं सांगायचं तर भारतात वजनावरून भेदभाव करू नये असं थेट सांगणारा कायदा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत लठ्ठपणा नाही. हवाई सुंदरींच्या वजनाचा नियम दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये उचलून धरला होता. बाहेर चित्र वेगळं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या १९७६ च्या भेदभावविरोधी कायद्यात वजन हा शब्दच आहे, न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२३ पासून बंदी आहे. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की लठ्ठपणामुळे काम करण्यात दीर्घकाळ अडथळा येत असेल तर ते अपंगत्व ठरू शकतं. तुमची शाखा तिथे असेल तर मॅनेजमेंटला हे दाखवा.

इथे लवकर होणारं काम म्हणजे आचारसंहितेत ‘वजन व शरीरयष्टी’ हे शब्द घालणं. बाईच्या शरीरावरची लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली येते, लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे द्यायची.

विम्याचंही बघा. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या नमुना कलमानुसार बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार असेल तर वजनाची शस्त्रक्रिया वगळलेली नाही. तुमच्या ग्रुप पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचा.

‘व्यक्तिमत्त्व’ रकाना काढून टाका. त्याजागी ‘अवघड ग्राहकाला उत्तर कसं दिलं?’ असा कामाचा प्रश्न सगळ्या उमेदवारांना एकाच शब्दांत विचारा. गुणांसमोर कारण लिहिणं सक्तीचं करा, आणि पॅनेलवरच्या प्रत्येकाने आपापसात बोलण्याआधी गुण भरावेत.