टीव्हीला जोडायच्या मिनी पीसीसाठी एकच एसएसडी पुरेल की सोबत हार्ड डिस्क घ्यावी?

निशिगंध_नाशिक

नमस्कार. घरच्या टीव्हीला कायम जोडून ठेवण्यासाठी इंटेल एन१०० प्रोसेसरचा एक मिनी पीसी घ्यायचे ठरवले आहे. त्यात एम.२ चा (म्हणजे एसएसडीची पट्टी बसवायच्या खाचेचा) एक स्लॉट आहे आणि २.५ इंची डिस्क बसेल एवढी जागा आहे. त्यावर डेबियन (लिनक्सची एक प्रणाली) आणि जेलीफिन (घरातले चित्रपट टीव्हीवर वा इतर उपकरणांवर दाखवणारा सर्व्हर) बसवण्याचा विचार आहे. आईवडिलांकडे जुने मराठी चित्रपट आणि नाटके यांच्या सुमारे दीडशे डीव्हीडी आहेत, शिवाय घरातल्या लग्नामुंजींच्या तीसेक मिनी डीव्ही कॅसेटी आहेत. हे सगळे संगणकावर उतरवून घ्यायचे आहे, आणि पुढेमागे थोडे फोर-के चित्रीकरणही त्यात येईल.

दुकानदाराचे म्हणणे असे की, हार्ड डिस्कवरून फोर-के अडखळते, त्यामुळे चौथ्या पिढीची १ टीबीची एनव्हीएमई (थेट एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान) एसएसडीच घ्यावी. तेवढ्याच पैशांत लहान एसएसडी आणि मोठी हार्ड डिस्क अशी जोडी जमेल असे मला वाटते. टीव्ही आईवडिलांच्या झोपण्याच्या खोलीत आहे, त्यामुळे आवाज नको, आणि आमच्याकडे वीज वरचेवर जाते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बिनतारी

दुकानदाराने वेगाचे जे कारण दिले आहे ते टिकणारे नाही. फोर-के ब्लू-रे डिस्कची कमाल गती सेकंदाला १४४ मेगाबिट, म्हणजे १८ एमबी असते, आणि घरात याहून जड फाइल सहसा येत नाही. साधी २.५ इंची हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास सहज देते. डीव्हीडीची गती तर सेकंदाला सव्वा एमबीच्या पुढे जात नाही. चित्रपट अडखळतो तो बहुधा वायफायमुळे, किंवा समोरच्या उपकरणाला तो फाइल प्रकार चालत नसल्याने सर्व्हरला, म्हणजे मिनी पीसीला, तो चालता चालता दुसऱ्या प्रकारात रूपांतरित करावा लागतो म्हणून. एन१०० च्या कित्येक मिनी पीसींमध्ये एम.२ स्लॉटला पीसीआय एक्स्प्रेस ३.० ची एकच लेन (माहिती वाहून नेणारी वाट) दिलेली असते, म्हणजे सेकंदाला हजार एमबीच्या आतच सगळा कारभार. अशा स्लॉटमध्ये सेकंदाला सात हजार एमबी वेगाची एसएसडी बसवली, तर वरच्या सहा हजार एमबीच्या वेगाचे पैसे फुकट जातात.

आता जागेचा हिशेब पाहू. एका डीव्हीडीचे सरासरी ६ जीबी धरले तर दीडशेचे ९०० जीबी होतात. मिनी डीव्हीचे चित्रीकरण मूळ स्वरूपात ठेवल्यास तासाला सुमारे १३ जीबी लागतात, म्हणजे तासाभराच्या तीस कॅसेटींचे आणखी ३९० जीबी. एवढ्यातच तुमची १ टीबी संपली, आणि फोर-के अजून आलेलेही नाही.

एसएसडीचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. जेलीफिन आपली सूची, पोस्टर आणि कोणता चित्रपट कुठे थांबवला याच्या नोंदी हजारो बारीक फाइलींत आणि एका डेटाबेसमध्ये ठेवते. तो भाग हार्ड डिस्कवर असला की पडद्यावर पोस्टर एकेक करून उमटतात आणि रिमोट हातात धरून वाट पाहावी लागते. डीव्हीडीवरचा एमपेग-२ व्हिडिओ ब्राउझरला थेट चालत नाही, त्यामुळे टॅबलेटच्या ब्राउझरवर पाहताना रूपांतराच्या तात्पुरत्या फाइलीही तयार होतात, आणि त्याही एसएसडीवरच असाव्यात. या कामाला २५६ किंवा ५०० जीबी भरपूर झाली. एसएसडी झिजेल ही भीती मात्र बाळगू नये. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीची लेखनक्षमता ३०० टीबी सांगितलेली असते, आणि रोज ५० जीबी लिहिले तरी ती सोळा वर्षे पुरते.

कौलारू

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, मात्र हार्ड डिस्क कोणती घ्यावी यावर थोडे लिहितो, कारण खरी अडचण तिथेच येते.

मिनी पीसीतली २.५ इंची जागा बहुधा ७ मिमी जाडीच्या डिस्कसाठी असते. या जाडीत २ टीबीपर्यंतच्या हार्ड डिस्क मिळतात, पण ४ टीबीची डिस्क १५ मिमी जाड असल्याने आत बसत नाही. पोर्टेबल डिस्कचे कवच उघडून आतली डिस्क काढून बसवू, असा विचारही करू नये. काही कंपन्या त्यांत यूएसबीचे पोर्ट थेट डिस्कच्या सर्किटवरच जोडतात, त्यामुळे तिथे साटाची (संगणकाच्या आत डिस्क जोडायची) जोडणीच मिळत नाही. तेव्हा ४ टीबी हवी असेल तर ती यूएसबीने बाहेरच ठेवावी लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे २.५ इंची मोठ्या डिस्क जवळपास सगळ्या एसएमआर प्रकारच्या असतात, म्हणजे त्यांत माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात. वाचताना याचा काही त्रास नाही, पण शेकडो जीबी एकदम ओतायला घेतले की काही वेळाने लेखनाचा वेग फार पडतो. तुमचे काम एकदा भरून ठेवून पुन्हापुन्हा पाहण्याचे असल्याने हा दोष चालवून घेता येईल. पहिल्या भरण्याला रात्रभर वेळ द्यावा, इतकेच.

३.५ इंची डिस्क त्याच क्षमतेला बहुतेक वेळा स्वस्त पडते, पण तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो आणि तिचा आवाज व थरथर झोपण्याच्या खोलीत नक्की जाणवेल. माझे मत २.५ इंचीच्या बाजूने आहे. डिस्क लाकडी फळीवर थेट न ठेवता खाली रबराचा तुकडा घातला, तर राहिलेली घरघरही बरीच कमी होते.

निशिगंध_नाशिक

दोघांचेही आभार. ५०० जीबीची साधी एनव्हीएमई आणि बाहेर ४ टीबीची पोर्टेबल डिस्क, असे आता जवळपास नक्की केले आहे. वीज जाण्याचा प्रश्न तेवढा राहिला. शिवाय डिस्क आधीपासून एक्सफॅटमध्ये (फाइली मांडण्याच्या एका पद्धतीत) फॉरमॅट केलेली मिळाली, तर ती तशीच वापरावी का?

खांबदिवा

तशी वापरू नये. एक्सफॅटमध्ये जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नसते, त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली तर फाइलींची सूचीच बिघडण्याचा धोका राहतो. डेबियनवर ईएक्सटी४ या जर्नल असलेल्या पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावी. डिस्क कधी विंडोजच्या संगणकालाही जोडायची असेल, तर एनटीएफएस चालेल. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या फाइलीत) डिस्कची नोंद करताना ‘नोफेल’ हा पर्याय आवर्जून लिहावा. तो नसेल आणि एखाद्या दिवशी यूएसबीची केबल सैल असेल, तर मिनी पीसी सुरू होताना आपत्कालीन स्थितीत अडकून बसतो. ते वडिलांना फोनवरून निस्तरायला सांगणे कोणाच्याही धीराची परीक्षा पाहणारे आहे. मिनी पीसी आणि राउटर या दोघांना मिळून एक लहान यूपीएस द्यावा, म्हणजे इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणी बसणारा झटका टळतो.

डीव्हीडी पुन्हा उतरवता येतात, पण कॅसेटींचे तसे नाही, कारण मिनी डीव्ही वाजवणारे चालू यंत्र आजच कष्टाने मिळते. म्हणून त्या ३९० जीबीची दुसरी प्रत एखाद्या जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या घरी ठेवावी. मूळ डीव्ही फाइल आहे तशी जपावी आणि रोजच्या पाहण्यासाठी एच.२६४ या संकुचित व्हिडिओ प्रकारातली हलकी प्रत वेगळी करावी.

नवी डिस्क आल्यावर लगेच चित्रपट भरू नयेत. आधी संपूर्ण डिस्कवर लिहून-वाचून तपासणी करावी आणि नंतर स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या, नोंदी पाहाव्यात. त्यांतल्या क्रमांक ५ (बदललेले खराब भाग) आणि क्रमांक १९७ (संशयित भाग) यांचा मूळ आकडा शून्य नसेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी डिस्क बदलून घ्यावी.