टाळेबंदीत महाविद्यालयाने सूचना दिली, पण ती मिळाली का?

धागा सुरू करणारी: घाटंजी तालुका, जि. यवतमाळ (२०२० मध्ये बी.ए. अंतिम वर्षाला)

मार्च २०२० च्या मध्यावर आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयाच्या सूचना फलकावर एक कागद लागला. महाविद्यालय ३१ मार्चपर्यंत बंद राहील, एवढेच त्यावर लिहिले होते. त्यानंतरचे सगळे, म्हणजे परीक्षा, शिष्यवृत्ती, निकाल, कोण सेवानिवृत्त झाले आणि कोण वारले हेसुद्धा, व्हॉट्सअॅपच्या एकाच गटावर येऊ लागले. त्या गटाविषयी माझी तक्रार आहे. इतकी वर्षे ती मनात ठेवली, पण पुन्हा कधी महाविद्यालये बंद ठेवण्याची वेळ आली तर तीच चूक होऊ नये म्हणून आज येथे मांडते.

अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला आणि आमची परीक्षा ऑक्टोबरमध्ये होणार हे ठरले. परीक्षा ऑनलाइन देणार की केंद्रावर येऊन, याचा पर्याय कळविण्यासाठी महाविद्यालयाने तीन दिवसांची मुदत दिली. ते दिवस सोयाबीनच्या सवंगणीचे होते. घरात मोबाइल एकच, तो भावाजवळ आणि भाऊ दिवसभर वावरात. चौथ्या दिवशी मी गट उघडला तेव्हा न वाचलेले दोनशेहून अधिक संदेश होते. त्यांत करोना जनजागृतीच्या ऑनलाइन प्रश्नमंजूषा होत्या, सहभागी होताच ई-प्रमाणपत्र देणारी वेबिनारे होती, एका सरांना पीएच.डी. मिळाल्याचे अभिनंदन होते आणि त्या अभिनंदनाला आलेली शंभर उत्तरे होती. त्या सगळ्याच्या मध्ये परिपत्रकाचा तिरपा काढलेला एक फोटो होता, आणि महाविद्यालयाचा गोल शिक्का नेमका अंतिम तारखेवर उमटला होता. फोटो कितीही मोठा करून पाहिला तरी १८ की १९ ते कळत नव्हते. अर्थात, तोवर दोन्ही तारखा उलटून गेल्या होत्या.

पर्याय न कळविणाऱ्यांची नोंद आपोआप ऑनलाइनमध्ये झाली. आमच्या गावात पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गेले तरच रेंज मिळते. तेथे छत्री धरून मी चार पेपर दिले आणि पाचव्याला पंचवीस प्रश्नांनंतर संपर्क तुटला. तो पेपर पुन्हा द्यावा लागला.

गटावर फोटो टाकला की सूचना दिली असे महाविद्यालयाने मानले, हेच मला मान्य नाही. त्याच दिवसांत आमच्या ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून रेशनचे धान्य कधी येणार, बाहेरगावाहून आलेल्यांनी शाळेत किती दिवस थांबायचे, हे रोज सकाळी सांगितले जात होते आणि भोंगा नसलेल्या वस्तीत कोतवाल डोंडी देत होता. महाविद्यालयाचा एक कागद ग्रामपंचायतीत पोहोचला असता तर तोही वाचून दाखविला गेला असता. माझी मागणी दोन गोष्टींची आहे. कर्मचाऱ्यांच्या घोषणा विद्यार्थ्यांच्या सूचनांत मिसळू नयेत, आणि ज्या सूचनेवर विद्यार्थ्याचे वर्ष अवलंबून आहे ती कागदावर गावापर्यंत गेलीच पाहिजे.

उत्तर: महाविद्यालयीन कार्यालयात मुख्य लिपिक, जि. वाशीम

ताई, तुम्हाला जो त्रास झाला त्याचे मला मनापासून वाईट वाटते, परंतु त्याची कारणे तुम्ही जेथे शोधता आहात तेथे ती नाहीत, असे मला त्या काळात कार्यालय सांभाळलेला माणूस म्हणून सांगावेसे वाटते.

आधी परीक्षेचेच घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २९ एप्रिलच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यानंतर अंतिम वर्षाची परीक्षा न घेता सरासरी गुणांनी निकाल लावण्याचे राज्य शासनाने जाहीर केले, ६ जुलैला आयोगाने परीक्षा सप्टेंबरअखेर घेतलीच पाहिजे असे बजावले आणि प्रकरण न्यायालयात गेले. या चार महिन्यांत आम्ही विद्यार्थ्यांना परीक्षा होईल, होणार नाही आणि होईल, अशा तीन प्रकारच्या सूचना दिल्या. त्या दिल्या तेव्हा तिन्ही खऱ्या होत्या. विद्यापीठाचे पत्र संध्याकाळी ई-मेलवर यायचे, त्यावर दुसऱ्या दिवशी कार्यवाही करायची असायची आणि कधी कधी त्याच रात्री शुद्धिपत्रकही यायचे. तुमची तीन दिवसांची मुदत महाविद्यालयाने ठरविली असे तुम्हाला वाटते. आमच्या हाती मुळात किती दिवस आले होते, हे फलकावर दिसत नाही.

दुसरी गोष्ट आजवर कोणी बोललेले नाही. ज्यांचे नाव यादीत आहे पण गटात नाही अशा विद्यार्थ्यांना मी प्रवेश अर्जावरील क्रमांकावर फोन लावायला बसलो. पहिल्याच तासात सात वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या नावासमोरचा फोन एकाच माणसाने उचलला. ते बसस्थानकासमोरचे नेट कॅफेचे मालक होते. जून-जुलैत अर्ज भरायला मुले तेथे जातात, ओटीपी लागतो, मुलाजवळ फोन नसतो आणि कॅफेवाला स्वतःचाच क्रमांक टाकून देतो. ई-मेलचेही तसेच. त्यांनी बिचाऱ्यांनी शक्य तितक्यांना निरोप दिले, पण टाळेबंदीत त्यांचेही दुकान बंद होते.

ग्रामपंचायतीला कागद पाठविण्याविषयी म्हणाल तर आमच्याकडे चाळीसहून अधिक गावांची मुले येतात. एसटीची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्ट २०२० ला सुरू झाली खरी, पण आडमार्गाच्या फेऱ्या त्यानंतरही कित्येक महिने आल्या नाहीत. कार्यालयात आम्ही दोघे, त्यांपैकी एकाचे घर प्रतिबंधित क्षेत्रात. हे कागद कोणी नेले असते?

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, वरुड, जि. अमरावती

मोठे बाबू कार्यालयाची बाजू योग्य मांडत आहेत, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही. माझा मतभेद ताईंच्या पहिल्या मागणीशी आहे.

कर्मचाऱ्यांच्या बातम्या विद्यार्थ्यांपासून वेगळ्या ठेवाव्यात, हे मला पटत नाही. अभिनंदनाच्या संदेशांचा कंटाळा मलाही आला होता आणि ई-प्रमाणपत्रांच्या त्या लाटेने शिक्षणाचे काही भले झाले असे मी म्हणणार नाही. पण एप्रिल २०२१ मध्ये आमच्या महाविद्यालयातील एक शिपाई करोनाने गेले. तीस वर्षे तासांची घंटा त्यांनी दिली. परीक्षेच्या दिवशी उशिरा धावत येणाऱ्या मुलाची सायकल स्वतः धरून ‘तू जा आत’ म्हणणारे ते होते. शहरातल्या दवाखान्यात खाट मिळेपर्यंत दोन दिवस गेले आणि शेवटी घरच्यांनाही चेहरा नीट पाहता आला नाही. ही वार्ता फक्त कर्मचाऱ्यांच्या गटावर आली, कारण विद्यार्थ्यांच्या गटावर केवळ शैक्षणिक सूचना टाकाव्यात असा ठराव तेव्हा झालेला होता. ताईंची मागणी आमच्याकडे आधीच अमलात होती.

त्याचे काय झाले ते सांगतो. त्या वर्षी २० ऑक्टोबरला महाविद्यालये उघडली तेव्हा तृतीय वर्षाचा एक मुलगा घरच्या संत्र्यांची पिशवी घेऊन आला आणि घंटेखालच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहून विचारू लागला की काका आज रजेवर आहेत का. सहा महिने होऊन गेले होते. त्याला उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आली आणि मी ते नीट देऊ शकलो नाही.

खेड्यातले महाविद्यालय म्हणजे केवळ परीक्षा घेणारी कचेरी नव्हे. निधनाची वार्ता ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची सूचना आहे आणि ती विद्यार्थ्यांना इतर कोणत्याही सूचनेच्या आधी मिळाली पाहिजे.

उत्तर: तासिका तत्त्वावर अध्यापन केलेली, जि. बुलढाणा

सरांच्या लिखाणाने डोळ्यांत पाणी आले. तरीही एक विचारते. ‘कर्मचाऱ्यांच्या घोषणा’ असे आपण सगळे म्हणतो, तेव्हा त्यांत कर्मचारी म्हणजे कोण धरलेले असतात?

मी सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकविले. आमचे मानधन झालेल्या तासांवर मिळते आणि नियुक्ती त्या सत्रापुरतीच असते. मार्च २०२० मध्ये तास थांबले तेव्हा ‘सर्व प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी’ अशा मथळ्याची बरीच परिपत्रके आली: घरून काम करा, आरोग्य सेतू अॅप घ्या, एक दिवसाचे वेतन मुख्यमंत्री साहाय्यता निधीला द्या. आमचे पुढे काय, याविषयी त्यांपैकी एकातही ओळ नव्हती. जूनमध्ये नव्या सत्राचा नवा गट तयार झाला आणि त्यात माझा क्रमांक नव्हता. मला कामावरून कमी केल्याची सूचना कोणी दिली नाही, गटात नाव नाही यावरूनच मला ते समजले. त्या खरिपात मी माहेरच्या वावरात निंदणाला गेले. कामाची लाज नाही, पण ज्या विद्यार्थिनींना आदल्या वर्षी शिकविले त्यांतल्या दोघी त्याच बांधावर होत्या आणि मॅडम, तुमचे ऑनलाइन तास केव्हा आहेत, असे मला विचारत होत्या.

म्हणून धागा सुरू करणाऱ्या ताईंना सांगते की कर्मचाऱ्यांच्या घोषणा जास्त झाल्या नाहीत, सांगायला हव्या होत्या त्या झाल्याच नाहीत. आपला विषय आता कोण शिकविणार आणि आधीच्या मॅडम का येत नाहीत, हे कळण्याचा हक्क विद्यार्थ्यांनाही होता.

उत्तर: धारणी तालुका, जि. अमरावती (माजी विद्यार्थी)

मी मेळघाटातला आहे. ग्रामपंचायतीत कागद पाठवावा हे ऐकायला बरे वाटते, पण एप्रिल-मे २०२० मध्ये आमच्या गावाच्या वाटेवर लोकांनी लाकडे आडवी टाकली होती आणि पाहुण्यालाही आत येऊ देत नव्हते. कागद घेऊन आलेल्या शिपायाला वेशीवरूनच परत पाठविले असते. शिवाय आमची ग्रामपंचायत दुसऱ्या गावात आहे. तेथे भोंगा वाजला तरी आमच्या ढाण्यात, म्हणजे वस्तीत, ऐकू येत नाही.

आमच्याकडे काय चालले ते सांगतो. आमच्या एका सरांनी वर्गातल्या मुलांची गावानुसार वही केली आणि प्रत्येक गावात ज्याचा फोन लागतो असा एक माणूस शोधला, मग तो विद्यार्थी असो, आशाताई असो की किराणा दुकानदार. साधा फोन, इंटरनेट नाही. आठवड्यातून एकदा सर त्या माणसाला फोन करीत, कोरकू समजणाऱ्या मुलाला पलीकडे बोलावून घेत आणि सूचना दोनदा म्हणवून घेत. मला परीक्षेचे केंद्र असेच कळले. महाविद्यालयाच्या नोंदीत या फोनचा कोठेही उल्लेख नाही आणि त्याचा खर्चही सरांनी स्वतःच्या खिशातून केला. बाबूसाहेब म्हणतात त्याप्रमाणे माणसे कमी होती हे खरेच आहे, पण आमच्याकडे एका माणसाने हे केले.

उत्तर: महाविद्यालयीन कार्यालयात मुख्य लिपिक, जि. वाशीम

दादा, त्या सरांना माझा नमस्कार. पण एकाने केले म्हणून व्यवस्थेने त्यावर विसंबावे, हे मला मान्य होणार नाही. ते सर आजारी पडले असते तर तुमचे केंद्र तुम्हाला कोणी सांगितले असते? तसेच २०२१ चा फेब्रुवारी आठवा. १५ तारखेला निम्म्या उपस्थितीने महाविद्यालये उघडा म्हणून कळविले आणि आठवडाभरात अमरावती व अचलपूर पुन्हा बंद झाले. आमच्याकडे वर्गखोल्या धुऊन काढल्या होत्या, बाकांवर एकाआड एक खुणा केल्या होत्या. मुलांना या म्हणून जितके फोन केले, तितकेच येऊ नका म्हणून करावे लागले.

उत्तर: धागा सुरू करणारी

सर, तुमचे पटले. पहिली मागणी मी मागे घेते. त्या शिपाईकाकांची वार्ता आणि पीएच.डी.चे अभिनंदन यांना मी एकाच मापाने मोजले, हे चुकले. मॅडम, तुमच्याविषयी तर मी विचारच केला नव्हता. आमच्या समाजशास्त्राच्या मॅडमही त्या जूननंतर दिसल्या नाहीत आणि त्यांचे काय झाले हे आम्ही कोणीच विचारले नाही.

मात्र मोठे बाबू, दुसऱ्या मागणीवर मी ठाम आहे. कागद जमत नसेल तर कागद नको, धारणीच्या दादांनी सांगितली तशी गावानुसार वही करा, पण ती एका सरांच्या खिशात न राहता कार्यालयाच्या कपाटात असू द्या, आणि सूचना ज्याला पोहोचली नाही त्याच्या नावापुढे ‘पोहोचली नाही’ असे लिहिले जाऊ द्या. माझ्या नावापुढे तशी नोंद असती, तर पर्याय न आल्याचा अर्थ ‘ऑनलाइन’ असा कोणी लावला नसता. माझा सगळा राग त्या एका गृहीतकावर आहे.

उत्तर: महाविद्यालयीन कार्यालयात मुख्य लिपिक, जि. वाशीम

ताई, हे करता येईल. प्रवेश अर्जात विद्यार्थ्याच्या क्रमांकाखाली ‘गावातील दुसरा संपर्क’ असा एक रकाना वाढवावा आणि तो कॅफेत न भरता प्रवेशाच्या दिवशी आमच्या खिडकीवर, विद्यार्थ्याला समोर उभे करून, त्याच्यादेखत एकदा फोन लावून मगच भरून घ्यावा, असे टिपण मी सोमवारी प्राचार्यांसमोर ठेवतो. ‘पोहोचली नाही’ या नोंदीचे मात्र लेखी वचन देता येणार नाही, कारण ती नोंद केली की पुढची जबाबदारी आमच्यावर येते आणि तेवढी माणसे आजही कार्यालयात नाहीत.

उत्तर: धागा सुरू करणारी

टिपण ठेवा. नोंदीचे मी पुन्हा विचारीन.