कोकम, हापूस, पान... या बिअरमध्ये बिअर कुठाय?

कडूजहाल (धागाकर्ता)

परवा शनिवारी बाणेरच्या एका ब्रूपबमध्ये (जिथे बिअर तिथेच बनते) गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका जागेचा नाही. फळ्यावर आठ बिअर. हापूस व्हीट, पेरू-मिरची गोझे, गुलकंद सेझाँ, पान एल, शहाळ्याचं काहीतरी, फिल्टर कॉफी स्टाउट वगैरे. साधी लागर, म्हणजे थंडीत मुरवलेली नेहमीची बिअर, आहे का म्हणून विचारलं, तर पोरगं म्हणालं, "सर, लागर चालत नाही आपल्याकडे." शेवटी त्याच्याच आग्रहाने पान एल घेतली. पहिल्या घोटाला लग्नाच्या पंगतीनंतरचं तबकच तोंडात कोंबल्यासारखं झालं.

२००९ मध्ये डूलालीने पुण्यातली पहिली मायक्रोब्रुअरी काढली, तेव्हापासूनचा मी या पंथातला वारकरी. त्या काळात पहिल्यांदा हेफेवाइझन, म्हणजे गव्हाची जर्मन बिअर, प्यायलो. केळ्याचा आणि मागून लवंगेचा वास. केळं घालता का विचारलं, तर ब्रुअर हसला. म्हणाला, ना केळं, ना लवंग, हे सगळं बिअर आंबवणारं यीस्ट करतं. तो चमत्कार मला अजून पुरतो आहे. आता कुठल्याही वासाबद्दल विचारलं की उत्तर एकच: "सर, घातलंय."

ज्याला साधा वरणभात जमत नाही, त्याने फ्यूजनच्या नादी लागू नये. पिल्सनरमध्ये, म्हणजे फिकट लागरमध्ये, चूक लपवायला जागा नसते. डायॅसेटिल नावाचं द्रव्य राहिलं की लोण्याचा वास येतो, अ‍ॅसिटाल्डिहाइड राहिलं की कच्च्या सफरचंदाचा, डीएमएस राहिलं की उकडलेल्या मक्याचा. पान-गुलकंद ओतलं की सगळं झाकून जातं. म्हणून फळं वाढली, असा माझा वहीम आहे. जर्मनीतल्या बव्हेरियाने १५१६ मध्येच कायदा करून सांगून ठेवलंय: बार्ली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), पाणी. बस्स!

या, तुटून पडा.

आगळवेगळी

आले १५१६ वाले! वाटच बघत होते.

त्या कायद्यात चवीची काळजी कमी आणि बाजाराची जास्त होती. गहू-राय भाकरीसाठी राहावेत आणि बिअरचे दर सरकारने ठरवावेत, हा त्याचा गाभा. पुढे त्याच बव्हेरियाच्या राजघराण्याने गव्हाची बिअर करायचा मक्ता स्वतःकडे ठेवून बक्कळ पैसा केला. म्हणजे तुमचं ते चमत्कारी हेफेवाइझन नियमाला बगल देऊनच जगलं. आणि ज्या यीस्टवर तुम्ही एवढे फिदा आहात, त्याचा त्या मूळ कायद्यात उल्लेखच नाही.

आता गोझे. गोस्लारची, पण रुळली लाइपझिगमध्ये. आंबट, किंचित खारट, त्यात धणे. तीही जर्मनच. बेल्जियममध्ये संत्र्याची साल आणि धणे घातलेली विटबिअर १९५०च्या दशकात जवळपास संपली होती. होएगार्डनच्या पिएर सेलिस नावाच्या माणसाने, जो आधी घरोघर दुधाचा रतीब घालायचा, ती १९६६ मध्ये पुन्हा सुरू केली. आंबट चेरी घालून मुरवलेली क्रीक तर आहेच. मग फळाला 'नवं फॅड' कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आणि कोकमाबद्दल बोलाल तर खबरदार. आंबट, खारट, धण्याच्या कुळातला वास. आमच्याकडे आगळात (कोकमाच्या घट्ट रसात) पाणी, मीठ आणि वरून कोथिंबीर घालून जे करतात त्याची आठवण येते की नाही? पुण्याच्याच ग्रेट स्टेट एलवर्क्सची सॉल्टेड कोकम एल प्यायले तेव्हा मला बांगड्याचं तिखलं आठवलं. याला मी कौतुक समजते.

स्ट्राँग_इंडियन

एका पाइंटच्या पैशात वाइन शॉपमधून दोन स्ट्राँग, मसाला शेंगदाणे आणि येता-जाता रिक्षा. वर ८ टक्के अल्कोहोल. चालू द्या तुमचं.

कडूजहाल

@स्ट्राँग, तुमचा मतदारसंघ देशात बहुमतात आहे, माहीत आहे. जरा शांत बसा.

@आगळवेगळी, गोझेचं मान्य. पण तिथे मीठ आणि धणे बिअरच्या अंगात मुरलेले असतात. इथे वरून फोडणी दिलेली असते. फरक तो आहे.

टाकीधुव्या

मी याच धंद्यात आहे. कुठे, ते विचारू नका. ब्रुअर म्हटलं की लोकांना दाढीवाला कलाकार डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग टाक्या आणि नळ्या धुण्यात जातो, म्हणून हे नाव.

कडूजहाल, वहीम अर्धाच बरोबर आहे. लागर न दिसण्याचं मोठं कारण टाकी आहे. व्हीट (गव्हाची) बिअर दोन आठवड्यांत नळावर येते. लागर थंडीत चार-सहा आठवडे पडून राहते. ब्रूपबमध्ये टाक्या मोजून सहा-आठ. एका लागरच्या वेळात व्हीटच्या दोन-तीन बॅचेस निघतात. मालक काय निवडणार? मग तीच व्हीट महिनोन् महिने विकायची तर दर वेळी फळ्यावर नवं नाव लागतं. आज हापूस, पुढच्या महिन्यात जांभूळ. तुम्हाला जी कल्पकता दिसते, ती बऱ्याचदा टाकीचं गणित असते.

पण 'वरून घातलं' म्हणजे सोपं, असं समजू नका. हापूस तर महाबिलंदर. रस फर्मेंटेशनच्या वेळी घातला तर त्यातली साखर यीस्ट फस्त करतं. आंबा गोड लागतो तो साखरेमुळे. ती गेली की उरतो आंबटपणा आणि एक ओलसर, सालीसारखा वास. गिऱ्हाईक म्हणतं, "आंबा लागत नाही." शेवटी घातला तर साखर शिल्लक राहते, आणि जरा गरम झालं की यीस्ट पुन्हा जागं होतं. केग (बिअरचं पिंप) फुगतो. आम्ही एकदा मे महिन्यात खरा हापूस आणून पोरांना सोलायला बसवलं. दोन दिवस अख्ख्या ब्रुअरीत घमघमाट, आणि ग्लासात? संत्रं आहे का, असं एका काकांनी विचारलं.

गंमत म्हणजे सिट्रा, मोझेइकसारखे हॉप्स थंड बिअरमध्ये भिजवले की आंब्याचा वास आपोआप येतो. मिर्सीन नावाचं द्रव्य हॉप्समध्येही असतं आणि आंब्यातही. "यात आंबा किती घातलाय?" असं विचारतात, आणि त्यात एक फोड नसते. कडूजहाल, तुमच्या केळ्याच्या चमत्काराचा हा भाऊ.

सावरचं, म्हणजे आंबट बिअरचं, म्हणाल तर ते आपल्या विरजणाच्या जातीचं काम. वर्ट, म्हणजे न आंबवलेला धान्याचा गोड रस, चाळिशीच्या तापमानाला आणून लॅक्टोबॅसिलस सोडायचा, रात्रभर आंबवायचं, पीएच ३.३च्या आसपास आला की उकळून जिवाणू मारायचे आणि मग नेहमीचं यीस्ट. कोकम तिथे खरंच बसतं, कारण आंबट बिअरला आंबट फळ साथ देतं आणि रंग फुकटात मिळतो. मात्र आगळ वापरताना त्यातलं मीठ विसरलात तर बॅच गटारात. हे अनुभवाने सांगतो.

पानाला माफी नाही. मी आजवर प्यायलेल्या सगळ्या पान बिअर बाटलीतल्या इसेन्सच्या होत्या.

बॉस्टनचा_बंड्या

दंडवत टाकीधुव्या.

इकडचा सिनेमा तुमच्या दोन रिळं पुढे आहे, म्हणून सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये कॅस्केड हॉप्सची लिबर्टी एल काढली, तिथून हॉप्सचं वेड लागलं. मग किती कडू करता याची स्पर्धा. मग व्हर्माँटच्या गढूळ, रसाळ आयपीए (हॉप्सचा भर असलेल्या बिअर). मग लॅक्टोज (दुधातली साखर) घातलेल्या मिल्कशेक आयपीए, केक-बिस्किटं घातलेल्या स्टाउट, आणि फळांचा गर इतका की कॅन उलटा केला तर पडेल की नाही याची शंका. त्यातले काही कॅन लोकांच्या फ्रिजमध्ये फुटले, कारण तेच: न आंबलेली साखर.

आता? माझ्या घराजवळच्या ब्रुअरीत सगळ्यात अभिमानाने मिरवतात ती चेक पद्धतीची फिकट लागर. सोबत बिनअल्कोहोलच्या बिअरचा एक अख्खा नळ. तरुण मंडळी कमी पितात, म्हाताऱ्यांना फळ नको. त्या अँकरलाच २०२३ मध्ये टाळं लागलं, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत जितक्या क्राफ्ट ब्रुअरी उघडल्या त्याहून जास्त बंद पडल्या. फळांमुळे बुडाल्या असं नाही, पण दर आठवड्याला नवं काहीतरी मागणारं गिऱ्हाईक एकनिष्ठ नसतं. तो फळ्याकडे बघायला येतो, तुमच्याकडे नाही.

भाकरतुकडा

सगळे फळावर भांडताय. फळ कोकणातलं, पण माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) बरेचदा युरोपातून आणि हॉप्स अमेरिकेतून. कपाळावर कोकमाचा टिळा लावला की बिअर मालवणी होते?

स्थानिक करायचीच तर धान्यातून करा. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रुअरींना ज्वारीवर यावं लागलं, आणि त्या आल्या. सोलापूर-मंगळवेढ्याची ज्वारी काय पाप करते? नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतात ते माल्टिंगच की. आपल्या आज्यांना ते येत होतं. बंगळुरूच्या टॉइट ब्रूपबची बासमती ब्लाँड आहे, तिथे तांदूळ निदान मॅशमध्ये (धान्य आणि गरम पाण्याच्या लगद्यात) जातो. पुण्याच्या मूनशाइनचं मीड (मध आंबवून केलेलं पेय) घ्या. मध काढून घेतला तर पेयच उरत नाही. कोकम बिअरमधून कोकम काढलं तर? साधी व्हीट!

आगळवेगळी

मिरचीही पोर्तुगीजांनी आणली. म्हणून ठेचा परका?

भाकरतुकडा

मिरची आपल्या रानात पिकायला लागली, म्हणून आपली झाली. हॉप्स कुठल्या तालुक्यात पिकतात ते सांगा.

टाकीधुव्या

हॉप्स हिमाचलातल्या लाहौलमध्ये लावले होते. महाराष्ट्रात मात्र अवघडच. त्यांना उन्हाळ्यातला लांब दिवस लागतो.

ज्वारीचं बोलणं सोपं आहे हो. तिला बार्लीसारखं टरफल नाही, त्यामुळे गाळताना मॅशचा चिखल होतो. तिचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, म्हणून आधी वेगळी शिजवावी लागते. त्यात स्टार्च फोडणारे एन्झाइम कमी. नायजेरियातही बाहेरून एन्झाइम घालावे लागले. आम्ही २०२३ च्या भरडधान्य वर्षात तीस टक्के ज्वारी घालून एक बॅच केली. चांगली झाली होती. कोरडी, हलकी, मागे भाकरीचा जरासा वास. फळ्यावर 'ज्वारी' वाचून लोक म्हणाले, डाएटवर नाही आम्ही.

कडूजहाल

अपडेट. आगळवेगळींच्या धाकाने काल कोकमवाली प्यायलो. त्या बाणेरच्या जागेत नव्हे, दुसरीकडे. दोन प्यायलो. कोकमावरची हरकत मागे. तिथे आंबटपणा बिअरचा कुठला आणि फळाचा कुठला ते सांगता येत नव्हतं, आणि मला तेवढंच हवं होतं. पानावर ठाम आहे. गुलकंदावरही.

पण लागरचं दुःख कायम. टाकीधुव्या, तुमच्याकडे कधी करता?

टाकीधुव्या

आत्ता एक पिल्सनर टाकीत आहे. चौथा आठवडा. अजून दोन तरी हवेत. मालक रोज विचारतोय, आंब्याचा सीझन चाललाय, टाकी कधी रिकामी करतोस?

कडूजहाल

माझे दोन पाइंट आत्ताच लिहून ठेवा म्हणावं!

टाकीधुव्या

विचारलं. म्हणाला, दोन पाइंटसाठी टाकी अडवता येत नाही, वीस माणसं आण.

आगळवेगळी

एक मी. पण मी तिथे येऊन कोकमच पिणार.