‘यलोस्टोन’चा शेवट: मैत्री की सोय?

निनाद: टेलर शेरिडन यांच्या ‘यलोस्टोन’ मालिकेचा शेवटचा भाग डिसेंबर २०२४ मध्ये प्रसारित झाला. त्यात मोंटानातल्या डटन घराण्याचा वारस केसी रँचची जमीन ब्रोकन रॉक या काल्पनिक मूलनिवासी जमातीचा प्रमुख थॉमस रेनवॉटर याला एकरी सव्वा डॉलरने विकतो. ‘१८८३’ या पूर्वकथेत म्हातारा स्पॉटेड ईगल डटनांच्या पूर्वजाला बजावतो, की सात पिढ्यांनंतर आमचे लोक ही जमीन परत घेतील. ते बोलणे इथे खरे होते. पाच पर्वे एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन घरांमध्ये अखेर विश्वास निर्माण होतो, आणि मला तरी ही गोऱ्या माणसाची मेहेरबानी वाटली नाही.

मृण्मयी: मला ती मेहेरबानीच वाटली, आणि तीही सोयीची. बापाच्या मृत्यूनंतर वारसाकर भरणे अशक्य झाले नसते, तर केसीला हा भाव सुचला असता का? जमातींची सामाईक जमीन व्यक्तींमध्ये तुकड्यांनी वाटणाऱ्या १८८७ च्या डॉज कायद्यानंतर मूलनिवासींच्या ताब्यातील सुमारे १३.८ कोटी एकर जमीन १९३४ पर्यंत ४.८ कोटींवर आली. ज्यांची जमीन गेली, त्यांनीच ती पुन्हा विकत घ्यायची आणि वर विकणाऱ्याचे मन मोठे म्हणायचे, हे मला पटत नाही.

निनाद: कराचा मुद्दा मान्य. पण व्यवहार झाल्यावरचा प्रसंग आठवून पाहा. जमातीची तरुण पोरे डटनांच्या कबरींवरचे दगड पाडू लागतात, तेव्हा रेनवॉटरचा उजवा हात असलेला मो त्यांना थांबवतो. त्या क्षणी मोठेपण कोणाकडे आहे, हे लेखकाला नेमके ठाऊक आहे.

मृण्मयी: म्हणजे तिथेही समजूतदारपणा त्यांनीच दाखवायचा! प्रसंग सुंदर आहे, हे मात्र नाकारत नाही.

श्रीरंग: आपण दोघेही एक पात्र विसरलात. बंकहाऊसमधला, म्हणजे रँचवरच्या गुराख्यांच्या राहण्याच्या खोलीतला, कोल्बी हा कृष्णवर्णीय गुराखी टीटर, रायन या सोबतच्या गुराख्यांबरोबर पत्ते खेळतो, थट्टा करतो, आणि पाचव्या पर्वात पोरसवदा कार्टरला वाचवताना घोड्याच्या लाथेने मरतो. एकेकाळी पश्चिमेकडच्या गुराख्यांपैकी साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तरीही कोल्बी या रँचवर कुठून आणि का आला, यासाठी मालिकेने जेमतेम वेळ दिला. मैत्री भरपूर दाखवली, पण त्याच्या वर्णाबद्दल त्या खोलीत क्वचितच कोणी बोलले. सव्वा डॉलरच्या भावापेक्षा मला हे मौन जास्त खटकले.