मदत हवी आहे: आयर्लंडच्या बरेनमध्ये ७१ वर्षांच्या बाबांसाठी कुठली वाट धरावी?

नमस्कार मंडळी,

मेअखेरीस आई-बाबा रत्नागिरीहून आमच्याकडे डब्लिनला येताहेत. आईला समुद्र दिसला की पुरे. बाबांना मात्र मी फोनवर बरेनचे फोटो दाखवून बसलो, आणि तेव्हापासून "तुमचा तो सडा कधी दाखवतोस?" हे एकच पालुपद. सडा म्हणजे आमच्या कोकणातलं उघड्या कातळाचं पठार. जांभ्याच्या सड्यावर अनवाणी गुरं राखलेला माणूस. उजवा गुडघा कुरकुरतो, पण कबूल करायचं नाव नाही.

मी स्वतः एकदाच, मार्चमध्ये, मुल्लामोर डोंगराकडे गेलोय. करड्या चुनखडीची नुसती फरशी पसरलेली. फरशीच्या लादीला तिथे क्लिंट म्हणतात आणि लाद्यांमधल्या उभ्या भेगेला ग्राइक. पावसाचं पाणी चुनखडी विरघळवत खाली उतरतं, त्यातून या भेगा पडल्यात. आपल्या सड्यावर पाणी साचून राहतं, इथे गडप होतं. तळीसुद्धा तशीच, हिवाळ्यात भरतात नि उन्हाळ्यात जमिनीतूनच आटतात! त्या दिवशी पाऊस पडून गेला होता, दगड साबणासारखा झालेला. गवताखाली भेग दिसली नाही आणि पाय आत गेला. लचकण्यावर निभावलं. बाबांचं तसं काही झालं तर आई मला माझ्याच घरात घ्यायची नाही.

गाडी नाही, म्हणून दोनच पर्याय सुचतात. एक, गॉलवेहून ३५० नंबरची बस धरून फॅनोरला उतरायचं आणि वरच्या जुन्या 'ग्रीन रोड'ने चालायचं. दोन्ही बाजूंना गडगे (दगडी बांध), समोर अरान बेटं. दुसरा, कॉरोफिनहून उन्हाळ्यात सुटणाऱ्या मोफत बसने राष्ट्रीय उद्यानात जाऊन पांढऱ्या बाणांची लहान फेरी.

ग्रीन रोडवर गुडघ्याला त्रास होईल का? आणि निळं जेंशियन तेव्हा फुललेलं असेल का?

प्रतिसाद १

फॅनोरला जा. ग्रीन रोड बराचसा गवताळ आहे, मध्येमध्ये खडबडीत. चढ मुख्यतः रस्त्यावरून वर पोचेपर्यंतचा, तो सावकाश घ्या. आईंना वर चढवूच नका, फॅनोरच्या पुळणीवर बसवा. जवळच्या ब्लॅक हेड या भूशिराच्या बाजूला तर कातळ थेट डांबरी रस्त्याला येऊन भिडतो, चार पावलं टाकली की झालं. पाऊस असेल त्या दिवशी मात्र कातळावर पाय ठेवायचा नाही, कितीही हट्ट केला तरी.

जेंशियनचा बहर एप्रिल-मेचा. मेअखेर थोडंच उरेल, पण क्रेन्सबिलची गुलाबी-जांभळी फुलं भेगाभेगांतून डोकावायला लागलेली असतील. परतीच्या बसची वेळ आधी बघा, फेऱ्या मोजक्या आहेत.

बाबांना एक गंमत सांगा. इथले शेतकरी गुरं हिवाळ्यात डोंगरावर चढवतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात, सगळं उलटं. कातळ उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवतो आणि वर पायाखाली चिखल होत नाही. गुरांनी हिवाळ्यात जुनं गवत खाल्लं की वसंतात फुलांना जागा मिळते.

धागाकर्ता

आभारी आहे! फॅनोर नक्की. काठी घ्यायला बाबा तयार नाहीत, ती लढाई आई लढेल.

गुरांचं सांगितलं तर म्हणाले, "सगळं पाणी भेगांत जातं म्हणतोस, मग वर गुरं पितात काय?" कुणाला ठाऊक आहे का?