उलटलेला अर्धा भुंगा दिसतच नाही!

प्रश्न: काळ्या कागदाच्या कडेतून अर्धा भुंगा कापून तो कडेबाहेर पांढऱ्या कागदावर उलटायचा, म्हणजे अर्धा पांढरा, अर्धा काळा असा पूर्ण भुंगा दिसतो, असं चित्र करतोय. पण काळ्या घोटीव कागदातून कापलेला अर्धा भुंगा उलटून पांढऱ्यावर चिकटवला की गायब. पायही तुटतात. इंदुरात कोणता कागद घ्यावा?

उत्तर १: घोटीव कागद मागून पांढराच, उलटल्यावर दुसरं काय दिसणार! दोन्हीकडून काळा, १२० जीएसएमचा (चौरस मीटरला १२० ग्रॅम) घ्या. खजुरी बाजारात विचारा. ए-४ पांढऱ्याच्या अर्ध्यात ए-५ काळा, पण कापून झाल्यावरच चिकटवा. कापलेला भाग दाराच्या झडपेसारखा काळ्या कागदाच्या कडेवर फिरवा. नुसता सरकवला तर जुळत नाही.

उत्तर २: अर्ध्यात तीनच पाय, तेही छातीलाच; ते पोटाला जोडायची चूक फार दिसते. ३ मिमीपेक्षा बारीक नकोत. ठिपके आधी कापा, बाहेरची कड शेवटी. ते ठिपके न उलटता, भुंगा कापून काळ्या कागदात उरलेल्या भोकात मूळ जागीच बसतात. ग्लू स्टिकच वापरा, पातळ फेव्हिकॉलने कागद सुरकुततो.

प्रश्नकर्ता: आणि मिशा?

उत्तर २: त्याही ३ मिमी, टोकाकडे निमुळत्या.