पेट्रोल परवडेना, गॅसवर करून घेऊ का? लवकर सांगा

हडपसरकर: महिन्याला साडेआठ हजार नुसते पेट्रोलला. काल दूधवाल्याला पुढच्या महिन्यावर ढकललं, बायको हिशोबाच्या वहीत किराण्याचे आकडे खोडतेय. गॅसवर केलं तर किती वाचतील? शनिवारी ठरवायचंय. थिअरी नको.

नलूताई: उज्ज्वलाचं कनेक्शन असेल तर सिलिंडरमागे ३०० रुपये सबसिडी मिळते. ज्योत पिवळी दिसली की बर्नर साफ करा. डाळ भिजवूनच लावा.

हडपसरकर: ताई, गाडी हो. शेगडी नाही.

पाना_पक्कड: बाइक की कार? रोज किती किमी? ॲव्हरेज?

हडपसरकर: कारच, बाइकला एवढं लागतं का? हिंजवडी जाऊन-येऊन ६०. ॲव्हरेज १६.

बसवाला: पीएमपीचा पास १५०० रुपये. विषय संपला.

हडपसरकर: दोनदा बस बदलून, दोन तास उभं राहून तुम्ही जा.

चिकित्सक: मूळ दुखणं कराचं आहे. पेट्रोल जीएसटीत आणा.

समतोल: केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ आणि मे २०२२ मध्ये ८ रुपये कमी केलेच की.

चिकित्सक: २०२० मध्ये दोन हप्त्यांत १३ वाढवले होते, तेच १३ परत दिले. उपकार कसले?

पाना_पक्कड: राजकारणाला वेगळा धागा काढा. हडपसरकर, २२ दिवसांचे १३२० किमी. सीएनजी किलोला २२ किमी देईल, म्हणजे ६० किलो. नव्वदचा भाव धरला तर ५४००. वाचले तीनेक हजार. किट ५५ हजारांचं धरा, दीड वर्षात फिटेल. आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर इन्शुरन्सवाले क्लेमला हात वर करतात. डिकी गेली समजा.

बसवाला: आणि पंपावरची रांग? माझा मेहुणा पहाटे पाचला नंबर लावतो.

पाना_पक्कड: मेहुण्याला रात्री अकराला जायला सांगा. गाडी किती सालची आहे?

हडपसरकर: जुनीच. येत्या फेब्रुवारीत पंधरा वर्षं होतील. त्याने काय फरक पडतो?

पाना_पक्कड: अहो, हे आधी सांगायचं! फेब्रुवारीत पासिंग, म्हणजे पुन्हा नोंदणी आली, वर जुन्या गाड्यांचा ग्रीन टॅक्स. किटचे पैसे फिटायच्या आत गाडीच काढायची वेळ येईल. शनिवारी आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासून घ्या, किटचं नावच काढू नका.

हडपसरकर: मग तोवर काय करू?

नलूताई: दूधवाल्याचे देऊन टाका आधी.